बारावं नाव

"हे कोण बोललं तुम्हाला?"

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास हे वाक्य अनुजाच्या पडद्यावर आलं आणि चहाचा कप तिच्या ओठांपाशीच अडून राहिला. पुढे-मागे काही नव्हतं. नाव नाही, गाव नाही, राग आल्याची खूण नाही. रोजचे फीडबॅक ती डोळे मिटून ओळखायची. कुणाला जाहिरातींचा वीट आलेला असे, कुणाचा फोन तापत असे, कुणी क्रिकेटच्या संघनिवडीवरून अख्ख्या ऑफिसचा उद्धार केलेला असे. त्या सगळ्यांना मिळून एकच उत्तर ठरलेलं होतं, "आपल्या प्रतिक्रियेबद्दल आभारी आहोत", आणि ते पाठवायला एक बटण पुरत असे. या चार शब्दांवर मात्र ते बटण दाबायला तिचं बोट धजेना. ही तक्रार नव्हती. दारात उभं राहून, आवाज खाली आणून कुणीतरी खरोखरच विचारत होतं आणि आता उत्तराची वाट बघत होतं. आपण कुणाच्या तरी घरात चपला घालून शिरलोय असं तिला वाटलं, आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोला, ते घर कुणाचं आहे हे बघायची भयंकर उत्सुकताही वाटली.

विचारणारा विचारत होता ते तिच्याच वाक्याबद्दल. 'शिट्टी' हे त्यांचं ॲप, खेळाच्या बातम्या देणारं. ज्याला जो खेळ, जो संघ, जो खेळाडू आवडतो त्याच्या तेवढ्याच बातम्या त्याच्या ताटात वाढायच्या, हा त्यांचा धंदा. सोमवारी नवी आवृत्ती निघायची होती आणि तिच्यातली एक सुधारणा अनुजाच्या डोक्यातून आलेली होती. लोक हौसेने पाच-पंचवीस खेळाडू निवडून ठेवतात आणि विसरून जातात. त्यांतले निम्मे कधीच खेळ सोडून दुकानं काढून बसलेले असतात, यादी मात्र माळ्यावरच्या अडगळीसारखी वाढत जाते. तेव्हा दोन वर्षांत जो एकदाही मैदानात उतरला नाही, त्याच्या चाहत्याला विचारायचं, "अमुक अमुक आता खेळत नाहीत. तुमच्या यादीतून काढून टाकू का?" खाली दोन बटणं, 'हो' आणि 'राहू दे'. सोमवारपासून अशा खेळाडूंची पानंही बंद व्हायची होती आणि ॲपवरच्या सामन्यांच्या याद्यांतूनही त्यांची नावं गळायची होती. त्यांची बॉस शेफाली ते वाक्य वाचून म्हणाली होती, "किती साधं लिहितेस गं, एकदम घरच्यासारखं," आणि अनुजा दिवसभर त्या कौतुकावर तरंगत होती. गुरुवारी ते वाक्य चाचणीसाठी दोनशे जणांना गेलं. एकशे बासष्ट जणांनी 'हो' दाबलं, सदतीस जणांनी 'राहू दे'. उरलेल्या एकाने दोन्ही बटणं तशीच सोडली आणि खालच्या चौकटीत चार शब्द लिहिले.

त्या एकाला ज्याच्याबद्दल विचारलं गेलं होतं तो खेळाडू कल्पेश घाडी. कबड्डी, डावा कोपरा, श्री सातेरी क्रीडा मंडळ, काळाचौकी. चाहते: एक. तो चाहता कोण, बाई की बाप्या, कुठला, हे अनुजाला दिसत नव्हतं आणि दिसू नये असाच ऑफिसचा नियम होता. तिला दिसत होत्या फक्त त्याच्या सवयी, आणि माणसाच्या सवयी दिसल्या की नाव न कळण्याचा त्रास दुप्पट होतो. हा माणूस क्रिकेट बघत नव्हता. फुटबॉल नाही, टेनिस नाही, मोठ्या बक्षिसांची टीव्हीवरची कबड्डीसुद्धा नाही. सातेरी मंडळाचा सामना असेल त्या दिवशी, सामन्याआधी दोन्ही संघांच्या याद्या ॲपवर चढल्या की दोन-तीन मिनिटांत तो ॲप उघडायचा. यादीपाशी दहा-बारा सेकंद थांबायचा. बंद करायचा. सामना कोण जिंकलं हे बघायलासुद्धा परत यायचा नाही. ॲप सुरू झाल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, हे असंच चाललेलं. आणि दुसरीकडे कल्पेश घाडी. एकाहत्तर सामन्यांच्या यादीत त्याचं नाव होतं, एकाहत्तर वेळा ते बाराव्या क्रमांकावर होतं, आणि एकदाही तो खेळलेला नव्हता. चढाई नाही, पकड नाही, एक मिनिटसुद्धा मैदानात नाही.

"हितेंद्र," ती शेजारच्या टेबलाकडे न बघता म्हणाली, "एक माणूस एकाहत्तर वेळा संघात असतो आणि एकदाही खेळत नाही. असं होतं?"

हितेंद्र कोड लिहायचा आणि लिहिताना दाण्याची चिक्की खायचा. "राखीव असेल ना. सात खेळतात, पाच बसतात."

"एकाहत्तर वेळा? आणि दर वेळी बारावाच?"

"कुणाचा तरी भाचा असेल यार. जर्सी मिळते, वडापाव मिळतो, घरी सांगता येतं मी टीममध्ये आहे."

"त्याचं पान सोमवारी उडणार."

"तूच नियम दिलास. खेळत नाही तो उडणार." त्याने चिक्कीचा तुकडा तिच्यापुढे केला. "आता बोलशील याला राहू दे. उद्या दुसऱ्या कुणाची मावशी येईल, तिला पण राहू दे. कोडला मावशी कळत नाही, बाई."

"नियम थोडा बदलू. सामन्याच्या यादीत नाव असेल तर काढायचं नाही. अवघड आहे का?"

"अवघड नाही, दोन ओळी आहेत. पण शेफालीला विचार."

शेफालीने ऐकून घेतलं, हसली, आणि म्हणाली, "एका माणसासाठी आता शुक्रवारी हात नाही लावायचा गं. पुढच्या आवृत्तीत बघू, महिन्याभरात." तिचंही चूक नव्हतं. अनुजा तिच्या जागी असती तर तिनेही हेच सांगितलं असतं, कदाचित हसलीसुद्धा नसती. पण जागेवर परत येताना तिच्या मनात हिशेब स्वच्छ झाला की सोमवारी सकाळी ते पान जाणार, आणि त्यानंतरच्या सामन्याला तो जो कोण आहे तो ॲप उघडून दहा-बारा सेकंद एका नसलेल्या नावाकडे बघत बसणार. त्याला वाटेल, नाव मंडळाने काढलं. प्रत्यक्षात ते काढलेलं असेल अनुजाने, घरच्यासारख्या साध्या वाक्यात.

तुम्हाला कोण बोललं. हा प्रश्न तिला आजच विचारला गेला नव्हता. दुपारभर नव्या आवृत्तीची बटणं तपासताना तिला तो दुसऱ्याच आवाजात ऐकू येत होता, आणि तो आवाज लहानपणी शेजारी राहणाऱ्या रमाबाईंचा होता. गिरगावात त्यांच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर एकच टेलिफोन होता आणि तो अनुजाच्या घरी. सगळ्या मजल्याचे नातेवाईक त्या नंबरावर फोन करत, आणि "जरा बोलावता का" म्हटलं की बोलावायला पळायची ती अनुजा. आठ-नऊ वर्षांची, दोन वेण्या, आणि कान सशाचे. बोलावून आणलेल्या माणसाच्या पाठीशी ती भिंतीला टेकून उभी राही आणि एका बाजूचं बोलणं ऐकून दुसरी बाजू मनात जुळवत बसे. आई तिला भोचकभवानी म्हणायची. पण भोचकपणात एक गंमत असते, तिच्यात वाईट हेतू नसतो. दुसऱ्याच्या आयुष्याला दार असतं आणि त्या दाराला फट असते, इतकंच त्या वयात कळलेलं असतं. गणपतीच्या आदल्या दिवशी रमाबाईंच्या मुलाचा बडोद्याहून फोन आला. आई बाजारात गेली होती. "आईला सांग, मला यंदा सुट्टी नाही, मी येत नाही, आणि तिला लगेच नको सांगूस, तुझ्या आईकडे निरोप दे, ती सांगेल नीट," असं तो म्हणाला, आणि अनुजाने यातला पहिला निम्मा निरोप तेवढा पोटात धरला आणि गॅलरीतून धावत सुटली. रमाबाई करंज्या तळत होत्या. घरात चार बायका बसलेल्या. अनुजाने उंबऱ्यावरूनच बातमी सांगून टाकली, मोठ्याने, जिंकून आल्यासारखी. रमाबाईंच्या हातातला झारा कढईवर तसाच राहिला. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी अगदी हळू विचारलं, "कोणी सांगितलं गं तुला?" आणि कढईतल्या करंज्या काळ्या पडेपर्यंत त्या तिच्याकडे बघत राहिल्या, उत्तर बदलेल अशा आशेने. त्या वासाची आठवण तिला अजून होते. बातमी खरी होती, शब्दही त्याचेच होते, तरी काहीतरी चुकलं होतं, आणि काय चुकलं ते समजायला तिला पुढची कित्येक वर्षं लागली. ते काल पुन्हा हातून झालं, दोनशे जणांच्या बाबतीत एका वेळी.

संध्याकाळी ऑफिसातून निघताना तिने ठरवून टाकलं की कल्पेश घाडी वारलेला असणार. दुसरं काय असेल? मंडळातला लाडका खेळाडू अकाली गेला, पोरांनी त्याचं नाव यादीत तसंच ठेवलं, जशी काही घरांत एका ताटाची जागा सोडतात. आणि तो एक चाहता म्हणजे त्याची आई. तिला सिद्धिविनायकाच्या रांगेपासून बसच्या थांब्यापर्यंत जाईतो ती आई दिसायलाही लागली, बारीक चणीची, चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ धरणारी. बसमध्ये बसल्यावर ती आई तिला पटेना. आई असती तर तिने दहा सेकंदांत फोन बंद केला नसता, नावावरून बोट फिरवत बसली असती. मग बायको? की लग्न न झालेली कुणी, जिला हे नाव उघडपणे कुठे बघायची सोय नाही? ऑपेरा हाउस येईपर्यंत अनुजाने तीन बायका आणि एक धाकटा भाऊ रचून मोडले. शेवटी तिला स्वतःचीच लाज वाटली. माणूस मेला असेल असं धरून आपण इथे मजेत कोडं सोडवतोय, आणि ज्याच्या जिव्हारी लागलंय त्याला अजून उत्तर गेलेलं नाही.

घरी आल्यावर तिने आईला सांगितलं, "उद्या संध्याकाळी मी काळाचौकीला जाणारे, कबड्डीचा सामना बघायला."

मालनबाईंनी मेथी निवडता निवडता मान वर केली. "तुला कबड्डीतलं काय कळतं?"

"काही नाही. म्हणून तर."

"कुणाच्या घरचं काय शोधायला चाललीयेस?" आईने विचारलं. आयांना फीडबॅकची चौकट लागत नाही.

शनिवारी साडेपाचला ती मैदानावर पोचली तेव्हा चाळींच्या मधल्या त्या मोकळ्या जागेत माणसं खुर्च्या मांडत होती. जानेवारीतली मवाळ हवा, कुठेतरी बटाटेवड्यांचा घाणा, लाउडस्पीकरवर कुणीतरी माइक फुंकून फुंकून बघत होतं. सातेरी मंडळाच्या सामन्यांची गुणपत्रकं ज्याच्या मोबाइलवरून 'शिट्टी'कडे येत, तो माणूस शोधायला तिला एक मिनिटही लागलं नाही. मैदानाच्या मध्यरेषेसमोर मेणकापड घातलेलं टेबल, त्यामागे पांढऱ्या शर्टातले साठी ओलांडलेले गृहस्थ, खिशात दोन पेनं, आणि पट्टीने रेघा मारण्याची ती धीमी, ठाम रीत. माधवकाका सातेरी मंडळाचे जुने प्रशिक्षक आणि गेली काही वर्षं गुणलेखक. तरुणपणी गिरणीत बदली कामगार म्हणून लागले, संपानंतर गोदीत गेले, आणि संध्याकाळ मात्र जन्मभर इथेच काढली. सामन्याआधी यादीचा फोटो काढून पाठवायचा हे काम त्यांना मंडळाच्या पोरांनी शिकवलं होतं. अनुजाने ओळख सांगितली तसे ते खूश झाले.

"शिट्टीवाली होय तू? बस, बस. त्या फोटोवरनं नावं वाचता ना तुम्ही? लागतं का माझं अक्षर?"

"मशीनला लागतं काका, म्हणजे बघा."

"गोदीत अठरा वर्षं चलनं भरली. अक्षर नाय बिघडलं." त्यांनी आजची यादी तिच्याकडे सरकवली. एक ते अकरा नावं निळ्या शाईत, आणि बारावं, त्याच निळ्या शाईत, तितकंच सरळ: कल्पेश घाडी.

अनुजाने बाराव्या नावाखाली बोट ठेवलं. आपण आज उंबऱ्यावरून ओरडायचं नाही, असं तिने येताना स्वतःला दहा वेळा बजावलं होतं. "काका, हे... वारले का हो?"

"कोण? कल्पेश?" माधवकाका इतके दचकले की पट्टी खाली पडली. "मेलाय कोण? जित्ता हाय चांगला. बदलापूरला ऱ्हातो म्हणतात, कुठल्याशा कारखान्यात सुपरवायझर हाय." मग मैदानात अंग मोकळं करणाऱ्या खेळाडूंकडे हनुवटीने दाखवत ते म्हणाले, "त्यांना पण तसंच वाटतं. सगळी नवीन पोरं. त्यांना वाटतं बाराव्या नंबरावर कोणतरी आपला पूर्वज बसलाय. एक जण तर सामन्याआधी कागदाच्या पाया पडतो. मी काय बोलत नाय."

"मग खेळत का नाहीत ते?"

माधवकाकांनी पट्टी उचलली, पुसली, परत ठेवली. त्यांना सांगायचं नव्हतं असं नाही, कुणी विचारलंच नव्हतं. "चार वर्षं झाली," ते म्हणाले. "इथंच, अंतिम सामना. शेवटची चढाई त्यांची, आणि आम्ही एका गुणाने पुढं. चढाईवाला आत आला, कल्पेश डाव्या कोपऱ्यावर. पाय टाकला त्यानं, कल्पेश मागं सरला, चढाईवाला परत गेला. पंचांनी हात हलवला, काय नाय, रिकामी चढाई. आम्ही नाचायला लागलो. आणि हा कल्पेश तिथंच हुभा. हात वर करून. बोलला, गुडघ्याला अंगठा लागला. कुणी बघितलं नाय, त्या चढाईवाल्याला पण कळलं नाय, पंच बोलतो लागला नाय, आणि हा बोलतो लागला. गेला चालत बाहेर. गुण त्यांचा, बरोबरी, मग जादा चढायांमध्ये आम्ही हरलो."

"पण खरं बोलले ना ते," अनुजा म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला आपलं वाक्य फार स्वस्त वाटलं.

"खरंच बोलला. मीच शिकवलं त्याला, लहानपणापासून. लागला तर हात वर करायचा, पंचाची वाट बघायची नाय. पण त्या दिवशी कंपनीचे साहेब आले होते बघायला. जिंकलो असतो तर चार पोरं नोकरीला लागली असती. मला पोरांची तोंडं दिसत होती." त्यांनी कागद सरळ केला. "मी सगळ्यांसमोर बोललो त्याला, उद्यापासून या मैदानात पाय टाकू नको. तो खाली मान घालून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी आला नाय. आठ दिवसांनी मी विसरलो पण, सामन्याची यादी लिहायला बसलो आणि हात बाराव्या नंबरापाशी आपोआप तेच नाव लिहायला लागला. तेव्हापासून लिहितो. यादीत नाव असलं ना पोरी, की माणूस आयत्या वेळी येऊन हुभा ऱ्हायला तरी पंच त्याला उतरवतो. नाव नसलं की नाय उतरवत. म्हणून एक जागा ठेवतो."

"फोन नाही केलात?"

"नंबर हाय. पण लावून बोलणार काय? एवढ्या मोठ्यानं बोललो होतो, सगळ्या वाडीनं ऐकलं. आता कानात हळूच बोलायचं?" माधवकाका हसले, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "त्याला काय माहीत इथं नाव लिहितात ते. कागद पंच बघतो आणि कपाटात जातो. तुमच्या त्या मोबाइलवर चढतं, ते तरी कोण बघतं?"

उत्तर अनुजाच्या जिभेवर होतं. अगदी टोकाशी, गॅलरीतून धावत सुटलेल्या मुलीसारखं. एक जण बघतं, काका. तीन वर्षं, एकाहत्तर वेळा. तिने ओठ मिटून घेतले. ते सांगणं तिचं नव्हतं, आणि शिवाय तो एक जण कोण हे तिला तरी कुठे ठाऊक होतं? कल्पेशची बायको असेल, जी नवऱ्याला न सांगता बघत असेल. त्याचा भाऊ असेल. त्या हरलेल्या चौघांपैकी कुणी असेल, ज्याची नोकरी हुकली आणि जो राग धरून बसलाय. कुणाला काय कळलेलं चालेल याचा अंदाज करूनच तर ती गुरुवारी फसली होती. "बघत असतील कुणी कुणी," ती म्हणाली, आणि माधवकाका मान हलवून नाणेफेकीला गेले.

सामना सुरू झाला तशी ती खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसली आणि फोन काढला. फीडबॅकला उत्तर द्यायची मुभा तिला होती, फक्त ठरलेलं वाक्य सोडून दुसरं काही लिहायची रीत नव्हती. तिने लिहिलं, "आपली गैरसोय झाल्याबद्दल दिलगीर आहोत." पुसलं. गैरसोय पाण्याची होते, विजेची होते. मग लिहिलं, "कल्पेश यांच्यावर मंडळाचं अजून प्रेम आहे." हे तर चक्क दुसऱ्याच्या घरातलं भांडं उचलून वाटणं झालं, तेही पुसलं. समोर एक पोरगेला खेळाडू चढाईला गेला, सहा जणांनी त्याला कोंडलं, आणि तो त्यांच्या हातांखालून कसाबसा रेघ शिवून परत आला. लोक ओरडले. अनुजाला वाटलं, निरोप नीट पोचवायचा म्हणजे काय, तर आपण मधून बाजूला व्हायचं. जे पाहिलं तेवढं सांगायचं आणि त्याचा अर्थ ज्याचा त्याला लावू द्यायचा. आणि उत्तर विचारलेल्या प्रश्नाचं असलं पाहिजे. त्या दिवशी रमाबाईंना तिने शेवटपर्यंत उत्तर दिलंच नव्हतं. फोन त्यांच्या मुलाने केला होता आणि त्याने त्यांची काळजी वाटून नीट सांगायला सांगितलं होतं, हे तिने सांगितलं असतं तर करंज्या तरी वाचल्या असत्या. हा विचार इतक्या वर्षांनी यावा याचं तिला नवल वाटलं आणि फार वाईटही वाटलं.

तिने लिहिलं: "कोणीच बोललं नाही. तो आमचा अंदाज होता आणि तो चुकला. मी आज मैदानावर आहे. कल्पेश घाडी यांचं नाव आजच्या यादीत बारावं आहे. माधवकाका ते स्वतःच्या हाताने लिहितात. चार वर्षं लिहितायत. यादीत नाव असलं की कधीही येऊन खेळता येतं, म्हणून ती जागा ठेवलेली आहे असं ते म्हणाले. सोमवारपासून आमच्या ॲपमध्ये हे नाव काही दिवस दिसणार नाही. ते आमच्यामुळे, मंडळामुळे नाही. मंडळाचा पुढचा सामना उद्या, रविवारी, इथेच, साडेसहाला."

तिने ते पाठवून टाकलं. नोकरीचं काय होईल हा विचार आला आणि गेला, तो मोठा नव्हता. मोठा विचार हा होता की पलीकडे कढई चुलीवर असेल का. खेळाडूंच्या पावलांचा आवाज, दमाचा तो अखंड चिवट उच्चार, शिट्टी, टाळ्या, सगळं तिच्या कानांवरून जात होतं. पंधरा मिनिटं गेली. मध्यंतर झालं. सातेरी मंडळ सहा गुणांनी मागे होतं, मग दोन गुणांनी, आणि शेवटी तीन गुणांनी जिंकलं, पण हे तिला माधवकाकांच्या चेहऱ्यावरून कळलं. खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या तशी ती उठून त्यांच्या टेबलापाशी गेली. ते बेरजा तपासत होते. फोन थरथरला तेव्हा ती त्यांच्या शेजारीच उभी होती.

उत्तरात या वेळी तीनच शब्द होते. "माती की मॅट?"

अनुजाने ते दोनदा वाचलं. आभार नाहीत, राग नाही, आणि हे विचारतंय तरी काय? तिला खरोखर काही उलगडेना. "काका," तिने विचारलं, "उद्याचा सामना मातीवर की मॅटवर?"

"मॅटवर. मातीवर आता गल्लीतली पोरं पण खेळत नाहीत." त्यांनी बेरजेखाली दुहेरी रेघ ओढली. "का गं?"

"एक जण विचारतंय."

"बघायला येणारं?" माधवकाका मान खालीच ठेवून हसले. "बघणाऱ्याला काय करायचंय माती आणि मॅट? त्याला खुर्ची मिळाली, झालं. मॅटवर बूट लागतात, मातीवर अनवाणी. बूट घ्यायचे की नाय, हे तर ज्याला उतरायचं असतं तो..."

पेन कागदावर तसंच राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला आणि तो त्यांनी पुसला नाही. अनुजाचे डोळे भरून आले होते, त्यामुळे तिने फोनकडेच बघत राहणं बरं असं ठरवलं. माधवकाकांनी नाव विचारलं नाही. त्यांनी दोन्ही पेनांची टोपणं लावली, पेनं खिशात ठेवली, घसा साफ केला, आणि मग एकदम, जवळपास ओरडून, बाजूचे दोघं-तिघं वळून बघतील इतक्या मोठ्याने म्हणाले:

"सांग त्याला, मॅट हाय. सहाला हजर ऱ्हायचं. एक मिनिट उशीर केला तर राखीव बसवीन."

अनुजाने ते जसंच्या तसं टाइप केलं आणि पाठवलं.